सांगलीच्या फिरायच्या वाटेवर जिओकॅशिंग: डबा कुठे ठेवायचा, कसा टिकवायचा

जिओकॅशिंग हा जीपीएसच्या आधाराने लपवलेला डबा शोधायचा खेळ. एकाने डबा लपवून त्याचे अक्षांश-रेखांश जिओकॅशिंगच्या संकेतस्थळावर नोंदवायचे. दुसऱ्याने फोन घेऊन तिथं जायचं, डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तिथं, होता तसा परत ठेवायचा. २ मे २००० ला अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ऑरेगन राज्यात पहिला डबा ठेवला गेला. त्याआधी जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची, तेव्हा एवढासा डबा सापडणं अवघडच होतं.

सांगलीत या खेळाला जागा भरपूर आहे. आमराईतली फिरायची वाट, क्रीडांगणं, ओपन जिम, कृष्णेचे घाट, चिंचेच्या झाडांमधून हरिपूरला जाणारा रस्ता. सकाळी फिरणाऱ्यांच्या एखाद्या गटाने किंवा गल्लीतल्या मंडळाने मनावर घेतलं तर महिन्याभरात चार-पाच ठिकाणांची छान वाट उभी राहते. मात्र परदेशातल्या व्हिडिओत दिसतं तसं इथं करून चालत नाही. इथं पूर येतो, नदीत मगरी आहेत आणि कोपऱ्यात ठेवलेला अनोळखी डबा दिसला की लोक पोलिसांना फोन करतात, तो करावाही. जागा निवडताना या तीन गोष्टी डोक्यात ठेवल्या तर पुढचं बरंच सोपं होतं.

आधी चार डबे शोधा

शोधण्याचा अनुभव नसताना लपवायला जाऊ नका. लपवणाऱ्याच्या बहुतेक चुका शोधणाऱ्याच्या बाजूने पाहिल्यावरच कळतात. फोनवर अधिकृत जिओकॅशिंग अॅप घ्या. फुकट सदस्यत्वात सगळे डबे दिसत नाहीत, पण सुरुवातीला तेवढं पुरतं. अँड्रॉइड फोनवर सी-जिओ हे मुक्त अॅपही चालतं. सांगलीच्या आसपास पुरेसे डबे दिसले नाहीत तर पुण्या-मुंबईला जाल तेव्हा तिथले शोधा.

डब्यापासून दहा मीटरवर आलात की फोन खिशात टाका. नवखा माणूस इथंच अडकतो: बाणाच्या मागे गोल गोल फिरत राहतो. फोनची जागाच तीन ते पाच मीटर इकडेतिकडे असते, झाडाखाली त्याहून जास्त. मग बाण सांगेल तरी काय? आता डोळ्यांनी पाहायचं. डबा ठेवणाऱ्याने तो कुठे ठेवला असता? एकसारख्या दगडांतला एकच दगड वेगळा दिसतोय का? कठड्याची एखादी फट पानांनी जरा जास्तच बुजवली आहे का? हात घालण्याआधी काठीने हलवून पाहा. फटीत, ढोलीत, दगडाखाली विंचू, गांधीलमाश्या, घोणस, फुरसं काहीही असू शकतं. न बघता बोटं घालायची नाहीत, हा नियम मुलांना पहिल्या दिवशीच सांगा.

बाण उलटसुलट दाखवत असेल तर होकायंत्र बिघडलेलं असतं. फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात चार-पाच वेळा फिरवा. मागच्या कव्हरला चुंबक असेल तर कव्हर काढून पाहा.

जागा

दोन वेगवेगळ्या डब्यांमध्ये किमान १६१ मीटर, म्हणजे मैलाचा दहावा भाग, अंतर लागतं. हे अंतर सरळ रेषेत मोजायचं, चालायच्या वाटेने नाही. बागेतली वाट वळणावळणाची असेल तर पाचशे मीटर चालूनही दोन जागा सरळ रेषेत दीडशे मीटरवरच निघतात आणि दुसरा डबा नाकारला जातो. म्हणून आधी नकाशावर मोजा. अंतर बसलं म्हणून बागेत मिळतील तितके डबेही ठेवू नका. आमराईसारख्या ठिकाणी एक चांगला डबा पुरे. चार ठेवले तर चारांची निगा राखावी लागते आणि तिसऱ्या महिन्यात दोन ओले, एक गायब अशी गत होते.

व्यायामाच्या आणि खेळाच्या ठिकाणी डबा नेमका कुठे नको, ते आधी सांगतो. ओपन जिमच्या यंत्राला चुंबकाची डबी चिकटवू नका. यंत्र हललं की डबी खाली पडते, फिरत्या भागात अडकते आणि कुणाचं तरी बोट सापडतं. लहान मुलांच्या घसरगुंडी-झोपाळ्यांपासून लांब राहा. तिथं एकटा मोठा माणूस वाकून काही शोधताना दिसला तर आईबापांना शंका येणारच. पोहण्याच्या तलावाच्या भिंतीला किंवा कपडे बदलायच्या खोल्यांच्या मागे तर मुळीच नको, कारण शोधणाऱ्याच्या हातात कॅमेऱ्याचा फोन असतो. दिव्याचे खांब, डीपी, पंपाची पेटी टाळा. पावसात लोखंडी खांबात वीज उतरण्याचा धोका खराखुरा असतो. झाडाला खिळा ठोकायचा नाही, तार आवळायची नाही, जमीन खोदायची नाही. खोदून पुरलेला डबा जिओकॅशिंगच्या नियमातच बसत नाही. शाळेचं आवार, रेल्वे आणि सरकारी कचेऱ्यांच्या भिंतीही सोडून द्या.

मग उरतं काय? बरंच उरतं. फिरायच्या वाटेच्या कडेचा जुना दगडी कठडा, बाकापासून पाच-सहा पावलांवरचं मोठं झाड ज्याच्या मुळांमध्ये खोबण आहे, क्रीडांगणाच्या बाहेरच्या बाजूची कुंपणालगतची झुडपं. चांगल्या जागेची माझी कसोटी अशी: शोधणाऱ्याला तिथं दोन मिनिटं उभं राहायला किंवा बसायला सबळ कारण हवं. बाक, सावली, बुटाची नाडी बांधायला पायरी. कारण असलं की तो कुणाच्या डोळ्यात खुपत नाही आणि डबाही चोरीला जात नाही. डबे बहुतेक वेळा शोधणाऱ्याच्या हालचालीमुळेच इतरांच्या लक्षात येतात.

घाट आणि पूर

पावसाळ्यात सांगलीत सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो: आयर्विनला पाणी किती फूट? या पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी धरतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली होता. घाटाच्या खालच्या पायऱ्या तर इशारा पातळीच्या कितीतरी आधी बुडतात. त्यामुळे घाटाच्या पायरीच्या फटीत ठेवलेला डबा एक पावसाळासुद्धा काढत नाही. वाहून गेला तर नदीत प्लास्टिक वाढतं, राहिला तर गाळाने भरतो.

दुसरं कारण मगरींचं. कृष्णेच्या या पट्ट्यात, विशेषतः भिलवडी-औदुंबरच्या बाजूला, मगरींचा वावर आहे. हिवाळ्यात त्या ऊन खायला काठावर येतात. म्हणून पाण्यालगतच्या झुडपात, मळीच्या रानात किंवा नाल्याच्या तोंडाशी कुणालाही शोधायला पाठवायचं नाही, मग ती जागा कितीही सुंदर असो.

यावर उत्तम तोडगा म्हणजे टप्प्यांचा खेळ, ज्याला मल्टी म्हणतात. घाटावर डबा ठेवायचाच नाही. तिथं फक्त प्रश्न ठेवायचा आणि उत्तरावरून शेवटच्या डब्याची जागा काढायला लावायची. समजा पुलाचं साल विचारलं. आयर्विन पूल १९२९ चा. शेवटचे दोन अंक २ आणि ९. मग ‘शेवटच्या डब्याच्या अक्षांशातले शेवटचे तीन आकडे: पहिला २, दुसरा ९ मधून ६ वजा, तिसरा २ अधिक २’ असं सूत्र दिलं की २३४ मिळतात. प्रत्यक्षात साल विचारू नका, ते घरबसल्या सापडतं. जागेवर गेल्याशिवाय कळणार नाही असं काही घ्या: दगडात कोरलेल्या ओळींची संख्या, कठड्याच्या कमानी, लोखंडी कड्या. रंगवलेल्या पाट्यांवर भरवसा नको. पाटी पुन्हा रंगवली जाते, फ्लेक्स त्याच्यावर चढतो आणि तुमचं गणित मोडतं. दगडातला आकडा टिकतो. मोजायची गोष्ट पायरी असेल तर सर्वांत वरच्या टप्प्यावरची घ्या, खालच्या पायऱ्या पाण्यात किंवा गाळात असतात.

शेवटचा डबा मात्र नदीपासून लांब, चढावर ठेवा. २०१९ चं पाणी तुमच्या जागेपर्यंत आलं होतं का, हे आसपासच्या दुकानदाराला विचारा. भिंतीवर बोट ठेवून दाखवतो.

हरिपूरला कृष्णा आणि वारणेचा संगम आहे, संगमेश्वराचं देऊळ आहे. तिथं डबा न ठेवता अर्थकॅश करता येते. अर्थकॅशमध्ये डबाच नसतो. जागेवरची भूगर्भीय गोष्ट पाहून प्रश्नांची उत्तरं पाठवायची असतात. दोन नद्यांच्या पाण्याचा रंग, गाळ कुठल्या काठाला साचतो, प्रवाहाचा वेग कुठे मंदावतो, काठाचा काळा पाषाण, हे सगळं देवळाच्या उंच बाजूने पाहता येतं. पूर आला तरी हरवायला काही नाही. त्यासाठी जरा अभ्यास करून सोप्या भाषेत माहिती लिहावी लागते, पण सांगलीच्या वाटेवर हे ठिकाण असायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

परवानगी

लेखी घ्या. बाग किंवा वाट महापालिकेची असेल तर सांगली मिरज कुपवाड महानगरपालिकेच्या उद्यान विभागाच्या नावाने अर्ज, क्रीडा संकुल असेल तर तिथल्या व्यवस्थापनाकडे, देवळाजवळ असेल तर विश्वस्तांकडे. अर्ज एका पानाचा असू द्या: खेळ काय आहे, डब्याचं माप, नेमकी जागा फोटोसह, डबा पारदर्शक असून खोदकाम नाही, निगा कोण राखणार, सांगाल त्या दिवशी काढून घेऊ. आवक-जावकला देऊन पोच घ्या. अर्ज देऊन थांबू नका. माळीकाका आणि रखवालदाराला प्रत्यक्ष जागा दाखवा. झाडलोट करताना डबा कचऱ्यात टाकायचा की नाही हे तेच ठरवतात आणि एकदा त्यांना खेळ कळला की तेच त्याची राखण करतात. जवळच्या पोलीस चौकीतही अर्जाची एक प्रत द्या.

डबा

मापं ठरलेली आहेत: १०० मिलिलिटरच्या आत मायक्रो, त्यातला १० मिलिलिटरच्या आतला नॅनो, १०० मिलिलिटर ते १ लिटर स्मॉल, १ ते २० लिटर रेग्युलर. वाटेवरच्या डब्याला २०० ते ५०० मिलिलिटर सोयीचं. चारही बाजूंनी कड्या लागणारा, झाकणाला सिलिकॉनची रिंग असलेला पारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्या. विकत घेतल्यावर आत कोरडा टिश्यू ठेवून रात्रभर बादलीत बुडवून ठेवा, वर दगड. सकाळी टिश्यू ओला निघाला तर तो डबा स्वयंपाकघरात वापरा.

जेवणाचा स्टीलचा डबा, थर्मास, रेडिओ, कुकर, वायर किंवा टेप गुंडाळलेली कोणतीही वस्तू चालणार नाही. बेवारस वस्तूंबद्दलच्या सूचनांत याच गोष्टींची नावं असतात. काळा रंगही देऊ नका. आतलं सगळं बाहेरून दिसलं पाहिजे. झाकणावर ठळक मराठीत चिठ्ठी: ‘हा खेळाचा डबा आहे. यात वही आणि पेन्सिल आहे, धोकादायक काही नाही. कृपया जागेवरून हलवू नका. अडचण असल्यास या नंबरवर कळवा.’ नंबर गटातल्या जबाबदार माणसाचा, त्याच्या संमतीने. चिठ्ठी आतल्या बाजूने चिकटवा, बाहेरची शाई एका पावसात जाते.

आत एक छोटी वही, वरून बंद होणाऱ्या पिशवीत. पेन्सिल द्या, बॉलपेन नको: मार्च ते मे पेन वाळतं, पावसाळ्यात जेलची शाई पसरते. शार्पनरही ठेवा. बुटांच्या खोक्यात मिळणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका आणि दर भेटीला बदला. अदलाबदलीसाठी गोट्या, नाणी, छोटी खेळणी, बिल्ले. खाण्याचं काहीच नको, चॉकलेटसुद्धा. मुंग्या पहिल्या दिवशी येतात, घुशी दुसऱ्या दिवशी डबा कुरतडतात. काडेपेटी, चाकू, औषधं नकोत. देवाचा फोटो किंवा लॉकेटही नको, डबा जमिनीवर असतो आणि कुणाचं मन दुखावू शकतं.

थेट उन्हात ठेवलेला प्लास्टिकचा डबा एका उन्हाळ्यात ठिसूळ होतो आणि प्रथम कड्या तुटतात. सावलीची जागा निवडा, उत्तरेकडची बाजू बरी. डबा सपाट न ठेवता थोडा तिरपा ठेवा, झाकण खालच्या बाजूला येईल असा, म्हणजे झाकणावर पाणी साचून रिंगेतून आत झिरपत नाही.

अक्षांश-रेखांश मोजणं

सगळ्यात जास्त तक्रारी इथून येतात. फोन डब्याच्या अगदी वर धरा, दोन-तीन मिनिटं हलू नका, मग आकडा लिहा. वीस पावलं लांब जा, दुसऱ्या दिशेने परत या, पुन्हा मोजा. असं चार वेळा करा आणि दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी पुन्हा चार वेळा, कारण आकाशातल्या उपग्रहांची मांडणी सारखी बदलते. समजा अक्षांशाचे मिनिटांमधले आकडे ५१.२३४, ५१.२३६, ५१.२३३ आणि ५१.२४१ आले. शेवटचा सोडून द्या. मिनिटाचा हजारावा भाग इथं अक्षांशात सुमारे १.८ मीटर होतो, म्हणजे तो आकडा जवळजवळ १३ मीटर भरकटलेला आहे. उरलेल्या तिघांची सरासरी ५१.२३४.

आमराईसारख्या गर्द झाडीत संदेश कमकुवत होतो, ओल्या पानांखाली आणखी. उंच भिंत किंवा पत्र्याचं छप्पर जवळ असेल तर संदेश त्यावर आपटून येतो आणि जागा एकाच दिशेला सरकते. तिथं कितीही वेळा मोजलं तरी तीच चूक येते. अशा वेळी बारा-पंधरा मीटरवरच्या मोकळ्या जागी मोजा आणि वर्णनात लिहा: ‘तिथून पूर्वेला पंधरा पावलं.’ उपग्रह नकाशाशी ताडून पाहा, पण त्यावरून आकडा उचलू नका, ती चित्रंही काही मीटर सरकलेली असू शकतात.

आकडा लिहिण्याची पद्धत अंश आणि दशांश मिनिटांची असते: उ १६° ५१.२३४′. गुगल नकाशा मात्र १६.८५३९० असं दशांश अंशात देतो. अपूर्णांकाला ६० ने गुणा: ०.८५३९० गुणिले ६० बरोबर ५१.२३४. थेट ८५.३९० मिनिटं लिहिणं ही नेहमीची चूक, मिनिटं साठाच्या पुढे जातच नाहीत. दुसरी चूक अशी की ५१.२३४ ला ५१ मिनिटं २३.४ सेकंद समजणं. खरे सेकंद १४.०४ होतात आणि या गोंधळाने शोधणारा जवळपास २९० मीटर उत्तरेला जातो. घाटाच्या वाटेवर एवढ्या फरकाने माणूस थेट पाण्याकडेही जाऊ शकतो, म्हणून नोंद टाकण्याआधी गटातल्या दुसऱ्या कुणाला तरी फक्त तो आकडा देऊन डबा शोधायला पाठवा.

नोंद आणि निगा

वर्णन मराठीत लिहा, खाली चार ओळी इंग्रजीत, कारण तपासणारे स्वयंसेवक बाहेरचे असू शकतात. बागेच्या उघडायच्या-मिटायच्या वेळा, गाडी कुठे लावायची, कुठे पाय घसरतो हे स्पष्ट असू द्या. शोधण्याची अवघडता आणि वाटेचा खडतरपणा एक ते पाच गुणांत देतात. वाटेला एक गुण देणं म्हणजे चाकाच्या खुर्चीवरून पोचता येतं असं वचन. बागेच्या दारात आडवे खांब असतील किंवा दोनच पायऱ्या असतील तरी दीड द्या. परवानगीच्या पोचेचा उल्लेख तपासणाऱ्यासाठी वेगळ्या टिपेत करा. पहिल्या उत्तराला आठवडाभर लागू शकतो.

कोरड्या दिवसांत महिन्यातून एकदा, पावसाळ्यात दर पंधरवड्याला डबा उघडून पाहा. वही ओली असेल तर उन्हात वाळवून परत ठेवू नका, नवी ठेवा. ओल्या कागदाची बुरशी नव्या पुड्यांनाही पुरून उरते. सापडला नाही अशा दोन नोंदी लागोपाठ आल्या तर आठवड्यात जाऊन या, गेला असेल तर संकेतस्थळावर तात्पुरता बंद करा. महिनाभर काही हालचाल दिसली नाही तर तपासणारे तो कायमचा बंद करू शकतात. घाटावरचा टप्पा जूनच्या सुरुवातीलाच बंद करून, पाणी उतरून गाळ काढला गेल्यावर, साधारण ऑक्टोबरात, स्वतः चालून पाहूनच पुन्हा सुरू करा. पुराने कठडे तुटतात, पाट्या जातात, तुमचं सूत्र जुळतंय का ते पुन्हा मोजा.

आणि खेळ थांबवायचा ठरला, गटातली माणसं पांगली किंवा बागेचं काम निघालं, तर आधी डबा जागेवरून उचलून आणा, मग नोंद कायमची बंद करा आणि ज्या विभागाची परवानगी घेतली होती त्यांना दोन ओळींचं पत्र देऊन कळवा. माळीकाकांनाही सांगा, नाहीतर ते महिनोन् महिने त्या जागी डबा शोधत राहतील.